मॉर्फिन आणि घड्याळ : शेवटच्या आजारातल्या वेदनेचा इतिहास

आजचा विषय वाचून काहींच्या मनात आलं असेल की हा तर डॉक्टरांचा प्रांत. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने यात कशाला पडावं? शंका रास्त आहे. कोणाला कोणतं औषध किती द्यायचं हे सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही, आणि आज आपण ते करणारही नाही. आपल्याला पाहायचा आहे तो एक इतिहास, आणि त्या इतिहासाने उभा केलेला एक प्रश्न.

प्रश्न असा. मॉर्फिन हे औषध साधारण १८०५ पासून माणसाच्या हाती आहे. कर्करोगाने मरणाऱ्या माणसाच्या वेदना त्याने आटोक्यात येतात, हे डॉक्टरांना एकोणिसाव्या शतकातच ठाऊक होतं. आणि तरीही ते नीट, नियमितपणे, रुग्ण शुद्धीवर राहील आणि घरच्यांशी बोलू शकेल अशा बेताने देण्याची पद्धत रुजायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. औषध हाताशी, वेदना समोर, आणि मध्ये दीडशे वर्षं. का? आमचं उत्तर थोडक्यात आधीच सांगून टाकतो: औषध कमी पडलं नव्हतं, रुग्णाच्या शब्दावरचा विश्वास कमी पडला होता. आता हे सिद्ध करायला हवं.

सुरुवात शब्दापासून करू. ‘वेदना’ हा शब्द ‘विद्’ या धातूपासून आला. विद् म्हणजे जाणणे. ‘वेद’ आणि ‘विद्या’ हे शब्दही त्याच धातूचे. म्हणजे वेदना ही मुळात जाणीव आहे. बौद्ध परंपरेत तर सुखाच्या जाणिवेलाही वेदनाच म्हणतात. मराठीत येईपर्यंत शब्दाचा अर्थ दुखण्यापुरता आखडला. पण मूळ अर्थ आज आपल्या कामाचा आहे, कारण वेदना ज्याची त्यालाच कळते. ताप मोजायला थर्मामीटर आहे, रक्तदाबाला यंत्र आहे. वेदना मोजायला माणसाच्या सांगण्याखेरीज दुसरं काही नाही. दुसऱ्याला दुखतंय हे आपल्याला कसं कळतं, यावर विट्गेन्स्टाइनने पुष्कळ विचार केला आहे. वर्गात शिकवताना हा प्रश्न कोड्यासारखा वाटतो. वॉर्डात त्याचं उत्तर दर काही तासांनी द्यावं लागतं.

आता अफूकडे येऊ. अफू आपल्या समाजाला नवी नाही. कामावर जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलाला अफूची बारीकशी गोळी देऊन झोपवत. मुंबईच्या गिरणगावात हे चाले आणि त्याला बाळगोळी म्हणत. त्याच वेळी ‘अफूची गोळी घेतल्यासारखा पडलाय’ हे हेटाळणीचं वाक्यही घरोघरी होतं. एकच पदार्थ औषधही आणि व्यसनही, ही दुहेरी ओळख आपल्याकडे जशी होती तशीच युरोपातही होती. सतराव्या शतकात इंग्लंडच्या थॉमस सिडनमने अफूचा मद्यार्क लोकप्रिय केला, आणि पुढची दोनशे वर्षं तो खोकल्यापासून निद्रानाशापर्यंत सगळ्यावर दिला गेला.

अडचण होती ती मापाची. एका शेतातल्या अफूचा जोर दुसऱ्या शेतातल्या अफूला नसतो. कालच्या मापाने आज गुण येईलच असं नाही, आणि कधी तेच माप जिवावरही बेतेल. ही अडचण जर्मनीतल्या पाडरबोर्न गावच्या एका औषधविक्रेत्याच्या मदतनिसाने सोडवली. फ्रीडरिश झेर्ट्युर्नर हे त्याचं नाव. विशीतल्या या मुलाने अफूतला मुख्य घटक वेगळा काढला आणि ग्रीकांच्या स्वप्नदेवतेवरून, मॉर्फियसवरून, त्याचं नाव ठेवलं. आता वजन करून देता येईल असं औषध हाती आलं. १८२७ मध्ये मर्क कंपनीने डार्मश्टाट इथे ते विक्रीसाठी तयार करायला सुरुवात केली. १८५३ मध्ये एडिंबरोच्या अलेक्झांडर वुडने कातडीखाली सुईने औषध टोचलं, आणि काही मिनिटांत वेदना थांबवण्याची सोय झाली. सोबत मॉर्फिनच्या व्यसनाचं नवं रूपही आलं. मग १८९८ मध्ये बायर कंपनीने मॉर्फिनपासून बनवलेलं एक औषध बाजारात आणलं. खोकल्यावर उत्तम, अशी त्याची जाहिरात होती. त्याचं नाव हेरॉइन.

याची प्रतिक्रिया येणारच होती. १९१२ चा हेगचा आंतरराष्ट्रीय करार, १९१४ चा अमेरिकेतला हॅरिसन कायदा, आणि मग देशोदेशी तशाच तरतुदी. अफू आणि तिची सगळी लेकरं कुलपात गेली. हे कायदे मूर्खपणाचे होते असं आम्ही म्हणणार नाही. व्यसनाने घरं खरोखरच उद्ध्वस्त होत होती. पण कुलूप लावणाऱ्याच्या डोळ्यांसमोर व्यसनी माणूस होता, आणि किल्ली मागायला मात्र मरणारा माणूस येत होता.

रुग्णालयात याचं रूप काय झालं ते पाहा. आपल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘एसओएस’ अशी अक्षरं असतात, ती आपण सगळ्यांनी वाचली आहेत. म्हणजे लागलं तर घ्या, एरवी नको. डोकं दुखलं तर हे ठीक. पण हाडात पसरलेल्या कर्करोगाची वेदना येते-जाते अशी नसते, ती असतेच. तिथे ‘लागलं तर’चा अर्थ असा झाला की रुग्णाने आधी वेदना सहन करायची, ती असह्य झाली की हाक मारायची. नर्सने मोठ्या नर्सला शोधायचं, किल्ली आणायची, नोंदवहीत सह्या करायच्या. ‘आत्ताच तर दिलं होतं’ हेही ऐकून घ्यायचं. मग इंजेक्शन. तोवर वेदना इतकी चढलेली असे की ती उतरवायला मोठा डोस लागे. मोठ्या डोसाने रुग्ण गुंगीत जाई. गुंगी उतरली की पुन्हा वेदना आणि पुन्हा हाक. काही दिवसांत हा माणूस घड्याळाकडे बघत बसे, वेळेआधीच विनवण्या करू लागे, आणि वॉर्डात कुजबूज सुरू होई: ‘याला सवय लागली बरं का.’

इथे तर्काचा दोष नीट पाहण्यासारखा आहे. औषध अपुरं दिल्यामुळे माणूस व्यसनी माणसासारखा वागू लागला, आणि ते वागणंच औषध आणखी अपुरं देण्याचं कारण बनलं.

हे चक्र लंडनमध्ये तुटलं, आणि त्यात एका बाईंचा वाटा फार मोठा आहे: सिसिली साँडर्स. जन्म १९१८, मृत्यू २००५. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना बरं वाटावं अशी गोष्ट म्हणजे ऑक्सफर्डला त्या राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्र शिकत होत्या. महायुद्ध सुरू झालं तसं ते मध्येच सोडून त्या नर्स झाल्या. पाठीच्या दुखण्याने नर्सिंग सुटलं, तेव्हा पदवी पुरी करून रुग्णालयात समाजसेविका झाल्या. १९४८ च्या सुरुवातीला त्यांचा एक रुग्ण वारला. डेव्हिड टास्मा, वॉर्सातून आलेला ज्यू निर्वासित, हॉटेलात वेटर, वय चाळीसच्या आसपास, लंडनमध्ये जवळचं कोणी नाही. मरणाऱ्या माणसांसाठी कसली जागा असावी, यावर दोघं तासन्‌तास बोलत. जाताना त्याने बाईंच्या नावे पाचशे पौंड ठेवले. त्या घराला माझी एक खिडकी असू दे, असं सांगून. पुढे एकोणीस वर्षांनी घर उभं राहिलं आणि खिडकीही झाली.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याच वर्षातली दुसरी घटना जास्त महत्त्वाची. साँडर्सबाई संध्याकाळी बेझवॉटर भागातल्या सेंट ल्यूक्स नावाच्या संस्थेत स्वयंसेवक म्हणून जाऊ लागल्या. १८९३ मध्ये गरीब मरणासन्न रुग्णांसाठी निघालेली ही संस्था. तिथे त्यांना दिसलं की मॉर्फिन तोंडाने, पातळ औषधाच्या रूपात, ठरलेल्या वेळी दिलं जातंय. रुग्णाने मागायची वाट न बघता. आणि रुग्ण शांत आहेत, जागे आहेत, बोलताहेत. यामागे नवा शोध नव्हता. अनुभवी नर्सेसनी बसवलेली ती वहिवाट होती, आणि ती त्या इमारतीबाहेर कोणी गंभीरपणे घेतली नव्हती.

ती गंभीरपणे घेतली जावी म्हणून काय करावं लागेल, हे त्यांना नॉर्मन बॅरेट या शल्यचिकित्सकाने सांगितलं: डॉक्टर व्हा, मरणाऱ्यांना सोडून जातात ते डॉक्टरच, आणि तुम्ही डॉक्टर नसाल तर ते तुमचं ऐकणार नाहीत. तिशी उलटल्यावर बाई वैद्यकीय महाविद्यालयात गेल्या आणि १९५७ मध्ये डॉक्टर झाल्या. पुढच्या वर्षी त्या पूर्व लंडनमधल्या हॅकनी भागात, नन्स चालवत असलेल्या सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये रुजू झाल्या. तिथे सात वर्षं त्यांनी केलं ते काम सांगायला अगदी साधं आहे. रुग्णाशेजारी बसायचं, त्याला काय आणि कसं दुखतंय ते ऐकायचं, लिहून ठेवायचं, मॉर्फिन ठरावीक वेळाने द्यायचं, आणि परिणाम पुन्हा लिहून ठेवायचा. अशा शेकडो रुग्णांच्या नोंदी जमल्या. १९६७ मध्ये दक्षिण लंडनमध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं, आणि आजच्या हॉस्पिस चळवळीची सुरुवात तिथून मोजतात.

या पद्धतीचं गणित समजून घेऊ. ते अवघड नाही. तोंडाने घेतलेल्या साध्या मॉर्फिनचा असर साधारण चार तास टिकतो. मग ते दर चार तासांनी द्यायचं, मागचा डोस उतरायच्या आत पुढचा. सुरुवात थोडक्यापासून करायची आणि वेदना आटोक्यात येईपर्यंत पायरीपायरीने वाढवायचं. मध्येच कळ आली तर वेगळा छोटा डोस हाताशी ठेवायचा, आणि असे जादा डोस दिवसात किती लागले ते मोजून दुसऱ्या दिवशीचा नियमित डोस ठरवायचा. वेदना अंगावर येऊच दिली नाही तर एकूण औषध कमी लागतं आणि गुंगीही कमी येते. पुढे १९८० च्या दशकात बारा तास पुरणाऱ्या गोळ्या आल्या, पण तत्त्व तेच राहिलं. आमच्या मते यातली क्रांती एका क्रियापदाची आहे. रुग्णाला ‘मागणं’ उरलं नाही. त्याला दुखणार आहे हे गृहीत धरलं गेलं, म्हणजे त्याचं म्हणणं आधीच मान्य झालं.

त्या काळी लंडनमध्ये ‘ब्रॉम्प्टन कॉकटेल’ नावाचं एक मिश्रण प्रसिद्ध होतं. मॉर्फिन किंवा हेरॉइन, त्यात कोकेन, जिनसारखी दारू, मध किंवा पाक आणि क्लोरोफॉर्मचं पाणी. त्याची मुळं हर्बर्ट स्नो या कर्करोगतज्ज्ञाच्या १८९६ च्या लेखापर्यंत जातात. अफू आणि कोकेन यांचा एकत्र वापर त्याने सुचवला होता. ब्रिटनमध्ये वैद्यकात हेरॉइन कायदेशीर होतं, आणि अनुभवी मंडळींना ते मॉर्फिनपेक्षा सरस वाटे. साँडर्सबाईंनाही तसं वाटत असे. पण त्यांचा गुण असा की वाटण्यावर त्या थांबल्या नाहीत. रॉबर्ट ट्वायक्रॉस या तरुण डॉक्टरला त्यांनी १९७१ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्समध्ये संशोधनासाठी बोलावलं. कोणाला मॉर्फिन मिळतंय आणि कोणाला हेरॉइन हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि देणाऱ्यालाही नाही, अशा पद्धतीने सुमारे सातशे रुग्णांचा अभ्यास झाला. १९७७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: तोंडाने नियमित दिलं तर दोन्हींत म्हणावा असा फरक नाही. कोकेननेही काही विशेष साधत नाही, हे त्यांच्याच कामातून दिसलं. मॉन्ट्रिऑलमध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये त्या मिश्रणाची आणि नुसत्या मॉर्फिनची तुलना केली, निकाल तोच. कॉकटेल इतिहासजमा झालं.

हे निष्कर्ष बाहेरच्या जगासाठी फार मोलाचे ठरले. हेरॉइनला बहुतेक देशांत बंदी होती. ते अपरिहार्य ठरलं असतं तर ही सारी पद्धत एका बेटापुरती राहिली असती. मॉर्फिन पुरतं म्हटल्यावर ती कुठेही नेता येणार होती.

पण मॉर्फिन एकटं पुरत नाही, हेही याच काळात स्पष्ट झालं. सोबतच्या औषधांचं शास्त्र इथेच घडलं. मॉर्फिनने सुरुवातीचे काही दिवस मळमळतं, झापड येते. ते बहुधा ओसरतं, आणि तोवर उलटीविरोधी औषध देता येतं. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही. म्हणून मॉर्फिन लिहिणाऱ्याने त्याच चिठ्ठीवर रेचकही लिहावं, हा नियम झाला. आपल्याकडची सोनामुखी त्यासाठी जगभर वापरतात. रुग्ण मॉर्फिन नाकारतो तेव्हा पुष्कळदा खरं कारण पोट साफ न होणं हे असतं. नस दाबली गेल्याची वेदना वेगळीच, आग झाल्यासारखी किंवा विजेचा झटका बसल्यासारखी. तिथे नैराश्यावरचं ॲमिट्रिप्टिलिन किंवा फिट्सवरचं गॅबापेंटिन थोड्या प्रमाणात उपयोगी पडतं. गाठीभोवतीच्या सुजेने दाब वाढला असेल तर डेक्सामेथासोनसारखं स्टिरॉइड. हाडाच्या दुखण्याला सूज उतरवणारी साधी वेदनाशामकं, आणि जमेल तिथे रेडिओथेरपी. आतड्याच्या पिळवटण्याला हायोसिन. गिळताच येत नसेल तर छोट्या पंपाने कातडीखाली थेंबाथेंबाने औषध सोडायची सोय १९७० च्या दशकाच्या शेवटी झाली. या यादीचा मथितार्थ असा की ‘दुखतंय’ या एका शब्दामागे पाच-सहा वेगवेगळी दुखणी असतात, आणि कोणतं ते कळायला विचारावं लागतं.

विचारता विचारता साँडर्सबाईंना आणखी काही सापडलं. एका रुग्ण बाईंना त्यांनी वेदनेबद्दल विचारलं. उत्तर पाठीपासून सुरू झालं, आणि मग नवरा आणि मुलगा कामं सोडून किती दिवस थांबणार, त्यांचा रोज बुडतोय, इथपर्यंत पोचलं. सगळंच बिघडलंय, असा एकूण सूर होता. यातून १९६४ च्या सुमारास बाईंनी समग्र वेदनेची कल्पना मांडली: शरीराची, मनाची, घरसंसाराची आणि जगण्याच्या अर्थाची, अशी चारपदरी वेदना. पहिल्या पदराचा बंदोबस्त झाल्याशिवाय माणूस बाकीच्या तिघांबद्दल बोलूच शकत नाही. मॉर्फिनचं खरं काम इथे दिसतं: ते माणसाला बोलण्यापुरतं मोकळं करतं.

आता दोन भीतींकडे वळू. पहिली, व्यसनाची. इथे तीन गोष्टींची गल्लत होते. एक, शरीराला औषध सरावणं: तेवढ्याच परिणामासाठी काही काळाने डोस वाढवावा लागणं. दोन, शरीराचं अवलंबून राहणं: औषध एकदम तोडलं तर त्रास होणं. असा त्रास दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइडं एकदम थांबवली तरी होतो, म्हणून आपण त्या रुग्णाला स्टिरॉइडचा व्यसनी म्हणत नाही. तीन, व्यसन: नुकसान दिसत असूनही त्या पदार्थामागे धावत राहणं, त्यापायी बाकीचं आयुष्य सोडून देणं. हॉस्पिसमधल्या रुग्णात पहिल्या दोन गोष्टी असू शकतात. तिसरी क्वचित दिसते, कारण हा माणूस औषध घेतो ते आयुष्यात परत येण्यासाठी.

दुसरी भीती, मरण लवकर ओढवण्याची. इथे नीतिशास्त्रातलं एक जुनं तत्त्व कामाला आलं. मध्ययुगात थॉमस अक्वायनसने मांडलेला विचार असा की एकाच कृतीचे दोन परिणाम होतात. त्यातला चांगला परिणाम आपला हेतू असेल आणि वाईट परिणाम नुसता दिसत असेल, तर कृतीचं मोल वेगळं ठरतं. १९५७ मध्ये हे तत्त्व दोन ठिकाणी एकदम पुढे आलं. पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांना सांगितलं की वेदना शमवण्याच्या हेतूने दिलेल्या औषधाने आयुष्य थोडं कमी झालं तरी ते निषिद्ध नाही. आणि लंडनमध्ये डॉ. बॉडकिन ॲडम्स यांच्यावरच्या खुनाच्या खटल्यात न्यायमूर्ती डेव्हलिन यांनी ज्युरीला समजावलं की वेदना शमवायला योग्य आणि आवश्यक ते सगळं करण्याचा डॉक्टरला हक्क आहे, त्यात अनुषंगाने आयुष्य कमी झालं तरी. ते डॉक्टर सुटले. ते खरोखर निर्दोष होते का, यावर आजही वाद आहे. तत्त्व मात्र टिकलं. पुढे अनुभव असा आला की बेताने, हळूहळू वाढवत दिलेल्या मॉर्फिनमुळे आयुष्य कमी होतं असं दिसत नाही. म्हणजे नीतिशास्त्राने जी परवानगी द्यायला एवढे कष्ट घेतले, तिची गरज रोजच्या व्यवहारात फारशी लागतच नाही.

१९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेवर एक छोटी पुस्तिका काढली. सगळ्या अनुभवाचा अर्क तिने थोडक्यात सांगितला: तोंडाने, घड्याळाप्रमाणे, पायरीने. पहिली पायरी पॅरासिटामॉल-ॲस्पिरिनची, दुसरी कोडीनसारख्या सौम्य औषधाची, तिसरी मॉर्फिनची, आणि प्रत्येक पायरीवर गरजेप्रमाणे सोबतची औषधं. मधली पायरी हवीच का, असा वाद पुढे झाला. पण गरीब देशातल्या साध्या डॉक्टरलाही वापरता येईल असं काहीतरी पहिल्यांदाच हाती आलं.

आणि नेमक्या याच वेळी भारतात काय घडत होतं? दोन गोष्टी, जवळजवळ एकदम. १९८६ मध्येच मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना आश्रम सुरू झाला. टाटा मेमोरियलचे कर्करोगतज्ज्ञ डॉ. लुईस डिसूझा यांनी काढलेलं हे भारतातलं पहिलं हॉस्पिस; पुढे गोव्यात आणि दिल्लीतही त्याच्या शाखा झाल्या. ‘अवेदना’ या नावात सगळा विषय आला. दुसरी गोष्ट एक वर्ष आधीची. नोव्हेंबर १९८५ मध्ये अंमली पदार्थांचा नवा कायदा, आपण ज्याला एनडीपीएस म्हणतो, लागू झाला. किमान दहा वर्षं सक्तमजुरीची तरतूद. रुग्णालयाला मॉर्फिन ठेवायचं तर वेगवेगळ्या खात्यांचे चार-पाच परवाने, आणि त्या सगळ्यांची मुदत एकाच वेळी चालू असायला हवी. एकाची संपली की बाकीचे निरुपयोगी. औषध दुकानदारांनी शहाणपणाने मॉर्फिन ठेवणंच सोडलं. दहा-बारा वर्षांत देशातला वैद्यकीय मॉर्फिनचा वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. डॉक्टरांची एक अख्खी पिढी मॉर्फिनची गोळी न पाहता तयार झाली.

यातला विरोधाभास बोचणारा आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते. नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत ती येते आणि तिथून जगाच्या औषध कंपन्यांना जाते. त्याआधीच्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई, आणि त्या व्यापारातल्या पैशावर मुंबईतल्या कितीतरी इमारती उभ्या आहेत. जगाला अफू पुरवणाऱ्या देशातला कर्करोगाचा रुग्ण मात्र त्याच अफूतल्या, काही रुपयांच्या गोळीसाठी तळमळत राहिला.

वाट निघाली ती केरळमधून. १९९३ मध्ये कालिकतच्या वैद्यकीय महाविद्यालयात भूलतज्ज्ञ डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छोटा दवाखाना काढला. ते ट्वायक्रॉस इथे शिकवायला येत. रुग्ण घरीच, औषध देणारे घरचेच, आणि त्यांच्या मदतीला शेजारपाजारचे स्वयंसेवक, असा केरळी नमुना तयार झाला. १९९७ मध्ये पुण्याला वारजे इथे सिप्लाचं केंद्र सुरू झालं. आईला मॉर्फिन मिळालं नाही म्हणून एक औषधशास्त्रज्ञ मुलगा दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेला. १९९८ मध्ये केंद्राने राज्यांना नियम सोपे करायला सांगितलं. केरळने ऐकलं, बरीच राज्यं ढिम्म राहिली. शेवटी २०१४ मध्ये संसदेने कायदाच बदलला. ‘अत्यावश्यक अंमली औषधं’ असा वेगळा वर्ग झाला, देशभर एकच नियम आला, आणि मान्यताप्राप्त संस्थेला एकच परवाना पुरू लागला. दरम्यान २०१२ मध्ये टाटा मेमोरियलमध्ये पॅलिएटिव्ह केअरचा एम.डी. अभ्यासक्रम सुरू झाला होता. तरीही २०१७ मधल्या लॅन्सेट आयोगाचा अंदाज सांगतो की भारतातली जेमतेम ४ टक्के गरज भागते. जगात वर्षाला वाटल्या जाणाऱ्या सुमारे ३०० टन मॉर्फिनसदृश औषधांपैकी सर्वांत गरीब देशांच्या वाट्याला ०.१ टन येतं. कायदा कागदावर बदलतो. मनातलं कुलूप उघडायला वेळ लागतो.

इथे श्रोत्यांपैकी कोणी म्हणेल, आणि त्याने म्हणावंच: अमेरिकेचं काय? तिथे तर याच औषधांनी लाखो माणसं गेली. खरं आहे, आणि हे टाळून हा इतिहास पुरा होत नाही. १९८० मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात काही ओळींचं एक पत्र छापलं गेलं. रुग्णालयात दाखल असताना ही औषधं मिळालेल्या अकरा हजारांहून अधिक रुग्णांत व्यसन जडल्याची चारच उदाहरणं आढळली, एवढाच त्याचा मजकूर. १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन बाजारात आलं, आणि ते पत्र जणू सर्वांना, सर्व दुखण्यांना, वर्षानुवर्षं लागू असल्यासारखं पुढे केलं गेलं. हॉस्पिसमधला अनुभव कंबरदुखीला जोडला गेला. २००७ मध्ये त्या कंपनीने दिशाभूल केल्याचा गुन्हा न्यायालयात कबूल केला. पण या गोष्टीचा धडा ‘मॉर्फिन वाईट’ असा निघत नाही. साँडर्सबाई रुग्णाशेजारी बसून नोंद ठेवत, डोस बदलत, पुन्हा विचारत. तिथे विश्वास होता आणि लक्षही होतं. अमेरिकेत लक्ष गेलं आणि विक्री उरली. आपल्याकडे विश्वास गेला आणि कुलूप उरलं. रुग्णाकडे कोणी बघत नव्हतं, हे दोन्हीकडे समान आहे.

तेव्हा या इतिहासातून आपण घरी काय न्यावं? आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कधी ना कधी हा प्रसंग येतो. तेव्हा डॉक्टरांना काही साधे प्रश्न विचारता येतात. हे औषध घड्याळाप्रमाणे द्यायचं की एसओएस? मध्येच कळ आली तर काय द्यायचं? पोट साफ राहण्यासाठी काय लिहिलंय? रात्री दोन वाजता फोन कोणाला करायचा? गोळ्या घरात कुठे, कोणाच्या ताब्यात ठेवायच्या, आणि उरल्या तर कुठे परत करायच्या? आणि ‘मॉर्फिन सुरू केलं म्हणजे आता संपलंच’ असं कोणी म्हणालं, तर तसं नसतं एवढं शांतपणे सांगता येतं. मॉर्फिन वेदनेच्या प्रमाणात देतात, उरलेल्या दिवसांच्या हिशेबाने नाही.

आणि एक प्रश्न डॉक्टरांना नव्हे, रुग्णाला विचारायचा: दुखतंय का, कुठे, कसं? उत्तर येईल ते खरं मानायचं. एवढं करायला शिकायला जगाला दीडशे वर्षं लागली. आपल्याला तितकी सवड नसते.

आता आपले प्रश्न घेऊ.